गाळलेले संदेश

"दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं," मिलिंद म्हणाला. "आमच्या पॅकेजचं टेस्टिंग नियमाप्रमाणे झालं आहे. त्यात दोष आढळला नाही. संपलं."

"आणि त्यांनी पुढे काही विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. ठकार बोललेत तिथल्या लोकांशी."

"मला विचारलं तर मी उत्तर देणार."

त्याने लॅपटॉप मिटला. "ज्योत्स्ना, उत्तरं द्यायला मी आहे. चौकशीवाल्यांनी टेस्टिंगच्या प्रमुखाला बोलावलंय म्हणून तुला न्यायचं. नाहीतर मी एकटा गेलो असतो. आनंदाने गेलो असतो."

हे बोलणं आमच्या बाणेरच्या ऑफिसात, काचेच्या छोट्या खोलीत चाललं होतं. बाहेर सगळी टीम माना खाली घालून बसली होती, पण कुणाच्याही कीबोर्डचा आवाज येत नव्हता. गेलं वर्षभर मिलिंद आणि मी त्या खोलीत गेलो की असंच व्हायचं.

आमची कंपनी लहान होती. प्रत्येक संगणक दिवसभरात काय घडलं ते वेळेसकट लिहून ठेवत असतो. कोण आत आलं, कोणतं बटण दाबलं गेलं, काय बिघडलं. या नोंदींना लॉग म्हणतात. त्या गोळा करून नीट ठेवणारा एक प्रोग्राम देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिला होता. कुणीही तो फुकट वापरावा, त्याचा कोड उघडून वाचावा, सुधारावा. पण बँका, कारखाने, सरकारी खाती यांच्याकडे संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीच्या ज्या आवृत्त्या असतात त्या एकदा बसवल्या की वर्षानुवर्षं बदलत नाहीत. नवा प्रोग्राम तिथे तसाच नेऊन टाकला तर चालत नाही. तो त्या जुन्या आवृत्त्यांच्या मापाने बांधायचा, म्हणजे त्याचं पॅकेज करायचं. मग प्रत्येक आवृत्तीवर तो चालवून, मुद्दाम पाडून, पुन्हा उठवून बघायचा. आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. हा आमचा धंदा. बांधणाऱ्यांचा प्रमुख मिलिंद राजहंस. पाडून बघणाऱ्यांची प्रमुख मी.

आम्ही दोघं एकाच महिन्यात कंपनीत लागलो होतो. एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेलं होतं. आमचं बिनसलं ते एका ओळीवरून.

त्या प्रोग्राममध्ये एक पहारा आहे. एखाद्या ठिकाणाहून थोड्या वेळात फारच संदेश येऊ लागले, तर तो दर अर्ध्या मिनिटाला सुरुवातीचे काही लिहून घेतो आणि बाकीचे सोडून देतो. नाहीतर डिस्क भरते आणि सगळंच बंद पडतं. यात वावगं काही नाही. पण संदेश सोडून दिले की तो लॉगमध्ये तसं लिहायचा: इतके संदेश गाळले. म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं की इथे काहीतरी होतं, ते आता नाही.

आमचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ठकार. नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यासाठी कंट्रोल रूम उभ्या करून द्यायचे. सेन्सर, संगणक, अलार्म, सायरन, सगळं त्यांचं. संगणकातल्या लॉगचं पॅकेज आमचं. त्यांची तक्रार होती की ही ओळ बघून अधिकारी बिचकतात, प्रश्न विचारत बसतात, काम ताब्यात घेत नाहीत. मिलिंदने ठकारांच्या पॅकेजमधून ती ओळ बंद केली. संदेश गाळणं चालू, गाळल्याचं सांगणं बंद.

मी ते पॅकेज नापास केलं. मिलिंद वर गेला, डायरेक्टरची परवानगी घेऊन आला आणि माझा शेरा बाजूला ठेवून पॅकेज पाठवून दिलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं, आणि कामाचंही बहुतेक भांडणच.

पुढे एका गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात भर दुपारी क्लोरीन सुटला. गावाचं नाव लिहीत नाही. पाणी निर्जंतुक करायला क्लोरीनच्या मोठ्या टाक्या ठेवतात, त्यातल्या एकीचा व्हॉल्व्ह फुटला. मागच्या आळीतल्या लोकांचे डोळे जळले, कित्येकांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुळशीराम लोखंडे नावाचा फिटर खालच्या पंपाच्या खड्ड्यात गॅस्केट बदलत होता. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो. सायरन वाजला असता तर तुळशीराम वर आला असता. सायरन वाजलाच नाही. तो खड्ड्यातच गेला.

कंट्रोल रूममध्ये त्या वेळी शोभा आवटे नावाच्या ऑपरेटर होत्या. त्यांचं म्हणणं, मी सायरनचं बटण दाबलं, वाजला नाही, पुन्हा दाबलं, तरी वाजला नाही, म्हणून बाहेर धावत जाऊन आळीतल्या लोकांना ओरडून सांगितलं. खाली तुळशीराम आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असंही त्या म्हणत होत्या. लॉगमध्ये बटण दाबल्याची एकही नोंद नव्हती. शोभा आवटे निलंबित झाल्या. त्यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल व्हायचा होता, आणि तो व्हावा की नाही हे या चौकशीवर ठरणार होतं.

ठकारांनी तो लॉग आम्हाला पाठवला होता, आमच्या पॅकेजचा काही दोष नाही एवढं बघायला. मी तो उघडला आणि दहा मिनिटांत मला काय ते कळलं. वायू सुटल्यावर सगळे सेन्सर अखंड ओरडत होते. त्यांच्या नोंदी सलग असायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या. दर अर्ध्या मिनिटाच्या सुरुवातीला तीन-चार सेकंद नोंदींची गर्दी, मग काही नाही. पुन्हा गर्दी, पुन्हा काही नाही. जिथे काही नव्हतं तिथे गाळल्याची ओळ यायला हवी होती. बटणाचा संदेशही त्याच वाटेने येणार. तो त्या रिकाम्या भागात पडला असेल तर गेला.

मी मिलिंदला दाखवलं. त्याने नीट बघितलं. तो हुशार होता, त्यालाही लगेच कळलं. मग म्हणाला, "हे तू कुणाला दाखवलंस?"

"तुला."

"मग इथेच थांबव."

चौकशीला आम्ही त्याच्या गाडीतून गेलो.  हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "ती बाई कशी आहे तुला माहितीय? दोन मेमो आहेत तिला. कामावर उशिरा येणं, वरिष्ठांशी उद्धट बोलणं. तिथला एकही माणूस तिच्या बाजूने बोलायला तयार नाही."

"असेल तशी."

"तिने दाबलंच नसेल."

"नसेलही."

"मग तू कशासाठी एवढं ताणतेस?"

"मी नापास केलेलं पॅकेज मी पास केलं असं सांगायला तू मला नेतोयस, मिलिंद. ताणतंय कोण?"

त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलून पुन्हा ठेवला. "ठकार गेले तर आपली अर्धी टीम घरी बसेल. त्या पोरांची तोंडं आठव तिथे बोलताना."

मला आठवत होती. त्याच पोरांतल्या एकीचं नुकतंच लग्न ठरलं होतं, एकाने घरासाठी कर्ज घेतलं होतं. मिलिंद खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येत होता.

चौकशी केंद्राच्याच मीटिंगच्या खोलीत होती. जिल्ह्याहून नेमलेल्या देशमाने मॅडम मधोमध बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि एकदा विचारलेलं पुन्हा न विचारणाऱ्या. उजवीकडे ठकार, पांढऱ्या शर्टात, शांत. डावीकडे भिंतीला लागून एकटीच बसलेली बाई म्हणजे शोभा आवटे. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. दारापाशी एक काळासावळा, दाढी वाढलेला माणूस उभा होता. बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. तो तुळशीरामचा धाकटा भाऊ, रघुनाथ लोखंडे. तो सबंध वेळ शोभाबाईंकडे बघत होता.

मी आत येताना शोभाबाईंच्या जवळून गेले. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्या का?"

"हो."

"आल्या मला फासावर द्यायला," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

आधी मिलिंद बोलला. छान बोलला. प्रोग्राम जगभर वापरात आहे, मोठमोठ्या बँका त्यावर विसंबून आहेत, पॅकेजचं टेस्टिंग नियमाप्रमाणे होतं. मग देशमाने मॅडम माझ्याकडे वळल्या.

"ढवळे तुम्हीच ना? टेस्टिंगच्या प्रमुख?"

"हो."

"या लॉगवर मी विश्वास ठेवावा का?"

टेबलाखाली मिलिंदचा बूट माझ्या खुर्चीच्या पायाला लागला.

"यात जे लिहिलंय त्यावर ठेवा," मी म्हणाले. "यात जे नाही, ते घडलंच नाही असं मात्र समजू नका."

"म्हणजे काय?"

मी सांगितलं. पहारा काय करतो, ती ओळ काय सांगायची, ती कुणी बंद केली आणि कुणाच्या सांगण्यावरून. हे पॅकेज मी नापास केलं होतं, तरी ते गेलं, हेही सांगितलं.  ठकारांनी चष्मा काढून पुसला.

मिलिंद उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, हे ज्योत्स्ना ढवळे यांचं वैयक्तिक मत आहे. कंपनीचं नाही. आमच्यात कामावरून वाद आहेत, त्याचा राग त्या इथे काढतायत."

"वाद आहेत का?" मॅडमनी मला विचारलं.

"आहेत. याच ओळीवरून आहेत."

ठकार म्हणाले, "मॅडम, गाळले जातात म्हणे. कुणी पाहिलंय? आवटेबाईंनी बटण दाबलं नाही हे उघड आहे. दाबलं असतं तर सायरन वाजला असता. आता यांनी कॉम्प्युटरच्या पोटातल्या गमती सांगायच्या आणि आपण ऐकायच्या."

"ऐकू नका," मी म्हणाले. "करून बघा."

"काय करून बघायचं?"

"सगळे सेन्सर चाचणीवर टाकता येतात. वायू नसतानाही ते वायू असल्यासारखे ओरडतील, अगदी त्या दिवशीसारखे. ते चालू असताना सायरनचं बटण दाबा. मग लॉग बघा."

ठकार लगेच म्हणाले, "आणि बटण कधी दाबायचं ते या सांगणार. यांना सोयीचा क्षण निवडणार."

हे त्यांचं बरोबर होतं. मला क्षण निवडता आला असता. "मी खोलीत एका बाजूला उभी राहते," मी म्हणाले. "मॅडमनी दाबावं. त्यांना वाटेल तेव्हा."

मिलिंदने माझ्या दंडाला धरून मला खिडकीपाशी नेलं. "तो क्षण सुरुवातीच्या सेकंदांत पडला तर? नोंद झाली तर काय करशील?"

"नोंद झाली असं सांगीन."

"ती बाई तुरुंगात जाईल. तुझ्यामुळे."

"मग तू तरी सुटशील."

त्याने दंड सोडला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी खाजगीत बोललो नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

देशमाने मॅडमनी थोडा विचार केला आणि चाचणी घ्यायचं ठरवलं. आधी नगरपालिकेची भोंगा लावलेली रिक्षा आळीतून फिरवली: चाचणी आहे, घाबरू नका, घरातच थांबा. तासाभराने आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये गेलो. खोली लहान होती. रघुनाथ दारात उभा राहिला, त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

"बटण कोणतं?" मॅडमनी शोभाबाईंना विचारलं.

शोभाबाई पुढे आल्या. बोट दाखवलं, पण हात वीतभर लांब ठेवला. "हे," त्या म्हणाल्या. "मी आता याला हात लावणार नाही."

केंद्राच्या इंजिनिअरने सेन्सर चाचणीवर टाकले. पडदा लाल झाला, ओळी झरझर वर सरकू लागल्या, कर्कश टूं-टूं सुरू झालं. मॅडम मनगटावरचं घड्याळ बघत नुसत्याच उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं असेल.  मला मनातल्या मनात मोजावंसं वाटत होतं आणि मी मोजत नव्हते. मग त्यांनी कुणाकडेही न बघता बटण दाबलं.

सायरन वाजला. छपरावरच तो होता. खोलीच्या काचा थरथरल्या. रिक्षा फिरवली होती तरी आळीतली माणसं घराबाहेर पडली. खिडकीतून दिसत होतं, एक म्हातारी तोंडाला पदर लावून पळत होती आणि तिच्यामागे दोन बायका मुलं काखेत घेऊन. देशमाने मॅडमनी ते बघितलं आणि सायरन बंद करायला सांगितला. बंद झाल्यावरही कानात तो चालूच होता.

"लॉग दाखवा," त्या म्हणाल्या.

मी हात लावला नाही. इंजिनिअरने लॉग उघडला. मॅडमनी घड्याळात पाहून ठेवलेली वेळ सांगितली, त्याने तिथपर्यंत सरकवलं. त्या वाकून वाचू लागल्या. मग वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. चष्मा नाकावर सरकवून तिसऱ्यांदा वाचलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

सगळ्या गावाने जो सायरन ऐकला, तो वाजवायला बटण कुणी दाबल्याची नोंदच लॉगमध्ये नव्हती.

 सगळ्यांत आधी सावरले ते ठकार. "ठीक आहे. नोंद झाली नाही. पण सायरन वाजला ना? म्हणजे आमचा सायरन उत्तम चालू आहे. बाईंनी दाबलं असतं तर तेव्हाही वाजला असता."

"तेव्हा नव्हता वाजला," शोभाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी यांची माणसं शिडी लावून वर चढली होती. मी निलंबनाचा कागद घ्यायला आले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"नेहमीची देखभाल," ठकार म्हणाले. "अपघातानंतर सगळंच तपासून घेतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "ढवळे, यावरून आवटेबाईंनी बटण दाबलं होतं असं म्हणता येईल का?"

शोभाबाई माझ्याकडे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्या वाट बघत होत्या. एक शब्द बोलले असते तर मॅडमनी तो मानला असता. तेवढी माझी पत त्या खोलीत त्या घटकेला झाली होती.

"नाही म्हणता येणार," मी म्हणाले. "दाबलं असेल किंवा नसेल. लॉगला ते माहीत नाही."

"अहो, मी दाबलंय," शोभाबाई म्हणाल्या. "दोनदा दाबलंय. एवढं सगळं तुम्हीच केलंत आणि आता असं बोलता?"

"मला जेवढं दिसतं तेवढंच मी सांगू शकते."

"काय बाई आहे ही," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, भिंतीशी.

मिलिंद मला न घेता निघून गेला. मी एसटीने पुण्याला आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कार्ड दाराला चाललं नाही. वॉचमनने खाली मान घालून माझा डबा आणि पाण्याची बाटली एका पिशवीत आणून दिली. आतून कुणीही बाहेर आलं नाही. ठकारांनी काम काढून घेतलंच, आणि मिलिंदने सांगितल्याप्रमाणे काही पोरांना घरी बसावं लागलं. लग्न ठरलेल्या मुलीने मला फोन केला. म्हणाली, "ताई, तुम्हाला बरं वाटलं असेल आता." मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

घरी बसून मी एक काम केलं. तो प्रोग्राम जिथे सगळ्यांसमोर लिहिला जातो तिथे हा सारा प्रकार गावाचं, कंपनीचं नाव न घालता मांडला, आणि बदल सुचवला: संदेश गाळले तर ते सांगणारी ओळ कुणालाही बंद करता येऊ नये. तिथेही शिव्या खाल्ल्या. एका बँकेच्या माणसाने लिहिलं की ही बाई आपली खाजगी भांडणं आमच्या सर्व्हरवर आणते आहे. दुसऱ्याने माझा कोड फाडून काढला. तो वाईट लिहिलेला होताच, मी पाडणारी, बांधणारी नव्हे. मी पुन्हा लिहिला. चौथ्या खेपेला तो घेतला गेला.

अहवाल आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. शोभा आवटे यांनी बटण दाबलं की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून त्यांच्यावर गुन्हा नाही. त्यांना घरपट्टी विभागात घ्यावं. सायरन त्या वेळी नादुरुस्त होता की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून ठकारांवर ठपका नाही. तुळशीराम लोखंडे यांचा मृत्यू हा दुर्दैवी अपघात. ती ओळ कुणी बंद केली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे मी जे सांगितलं होतं, ते अहवालात कुठेच नव्हतं.

त्यानंतर एका रविवारी सकाळी रघुनाथ लोखंडे माझ्या दारात उभा राहिला. पत्ता कुठून काढला कोण जाणे. मी आत बोलावलं. तो आत आला, पण खुर्चीच्या कडेवर बसला, उठून जायच्या तयारीत असल्यासारखा. पाणी दिलं ते त्याने टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला एकच विचारायला आलोय," तो म्हणाला. "ती बाई सुटली. तो ठकार सुटला. तुमचे साहेब सुटले. सगळे त्या तुमच्या रिकाम्या जागेतून सुटले. माझा भाऊ तेवढा खड्ड्यात राहिला. मग त्याला मारलं कुणी?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही तिथे आला नसता तर ती बाई आत गेली असती."

"हो."

"मला निदान झोप लागली असती."

 त्याने टेबलावरचा ग्लास जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ती ओळ असती तर काय झालं असतं?"

"त्या दिवशीच कळलं असतं की लॉगमधून काहीतरी गेलंय. मग बटण दाबलंच नाही असं कुणी धरून चाललं नसतं. कुणीतरी लगेच सायरन तपासला असता. ठकारांची माणसं शिडी घेऊन यायच्या आधी."

"म्हणजे ती ओळ काढली म्हणून हे सगळे सुटले."

"हो."

"कुणी काढली?"

"मिलिंद राजहंसने. ठकारांनी सांगितलं म्हणून. मी तिथे सांगितलं होतं. तुम्ही दारात उभे होतात."

"होतो," तो म्हणाला. "मी तेव्हा बाईकडे बघत होतो. ऐकलं नाही." मग माझ्याकडे सरळ बघत त्याने विचारलं, "वकील म्हणतो, अहवालाविरुद्ध कोर्टात जाता येईल. पण सांगणारं कुणीतरी पाहिजे. तुम्ही हे जसंच्या तसं कोर्टात सांगाल?"

"सांगीन."

"आणि तिने दाबलं होतं का, असं विचारलं तर?"

"माहीत नाही असंच सांगीन."

तो उठला. पाण्याचा ग्लास तसाच राहिला. दारात चपला घालताना म्हणाला, "तुमचा मला राग आहे. तो राहीलच."

"राहू द्या," मी म्हणाले. "तारीख कळवा."

खटला अजून चालू आहे. मी प्रत्येक तारखेला जाते. मधे ठकारांच्या माणसांपैकी एकाने शपथेवर सांगितलं की त्या सकाळी सायरनची जळलेली वायर त्याने बदलली होती. पुढच्या तारखेला तो फिरला, दबावाखाली बोललो म्हणाला. शोभाबाई एका बाकावर बसतात, रघुनाथ दुसऱ्या. त्या दोघांत कधी बोलणं झालेलं मी पाहिलं नाही. माझ्याशीही दोघं बोलत नाहीत. पुकारा झाला की मी उठून उभी राहते आणि मला जेवढं दिसलं तेवढं सांगते.